विलायतेतील एक कर्तबगार गृहिणी
(मंडळाच्या ‘थोर स्त्रिया’ या व्याख्यानमालेत केलेले भाषण)



आजवर या जागेवर उभ्या राहून पुष्कळ भगिनींनी आपल्याला चरित्रे सांगितली. कुणी अहिल्याबाई सांगितल्या, कुणी सावित्रीबाई, कुणी पंडिता रमाबाई. माझ्या वाट्याला जी चिठ्ठी आली तिच्यावर ‘परदेशातील एक स्त्री’ एवढेच लिहिले होते. मी सातवी शिकलेली. पोळ्या लाटताना जे कानावर पडेल तेवढेच माझे इंग्रजी. तेव्हा ही चिठ्ठी बदलून द्या, असे मी चिटणीसबाईंना म्हटलेसुद्धा. पण त्या म्हणाल्या, “चिठ्ठी बदलायची नाही, बाई बदलायची नाही.” मग माझी भाची, जी शाळेत इंग्रजी शिकवते, ती रोज संध्याकाळी येऊन मला वाचून, समजावून सांगू लागली आणि मी वहीत टिपून घेऊ लागले. त्या वहीतलेच आज बोलणार आहे. काही चुकले तर ते माझे आणि चांगले वाटले तर ते भाचीचे.

मी निवडलेली बाई राणी नव्हती, संत नव्हती, की रणांगणावर लढलेलीही नव्हती. ती होती गृहिणी. तिचे नाव एलिझाबेथ, पण घरीदारी सगळे तिला बेस म्हणत. हार्डविक हे तिचे माहेर, म्हणून आजही इंग्रज लोक तिला ‘हार्डविकची बेस’ म्हणूनच ओळखतात. तिचा काळ सोळाव्या शतकातला. इंग्लंडच्या गादीवर तेव्हा ट्यूडर घराणे होते. आठवा हेन्री, ज्याने सहा बायका केल्या, तो तिच्या लहानपणीचा राजा; आणि पहिली एलिझाबेथ राणी तर तिच्याच बरोबरीची, वयाने सहासात वर्षांनी लहान.

आता तुम्ही म्हणाल, चारशे वर्षांपूर्वीच्या विलायती बाईशी आपला काय संबंध? तर संबंध आहे, आणि तो आपल्या खानदेशातल्या घराघरात टांगलेला असतो! पण ते मी शेवटी सांगेन.

बेसचा जन्म सुमारे १५२७ सालचा, डर्बीशायर परगण्यातला. घर खाऊनपिऊन सुखी, पण श्रीमंत नव्हे. थोडी शेती आणि एक जुने घर. ती वर्षाची होते न होते तोच वडील वारले. पदरात चार मुली आणि एक लहान मुलगा. त्या देशात तेव्हा असा कायदा होता की, राजाकडून मिळालेल्या जमिनीचा मालक वारला आणि वारस अज्ञान असला, तर तो सज्ञान होईपर्यंत जमिनीचा ताबा सरकारकडे जाई आणि सरकार तो पैसे घेऊन तिसऱ्यालाच देई. म्हणजे बाप गेला आणि त्याबरोबर शेतही गेले! आईने दुसरे लग्न केले, पण नवा नवरा कर्जबाजारी निघाला. वडिलांनी मृत्युपत्रात प्रत्येक मुलीच्या लग्नासाठी ४० मार्क ठेवले होते. मार्क म्हणजे पौंडाचा दोन तृतीयांश, म्हणजे सगळे मिळून सत्तावीस पौंडही नाहीत. एवढ्यात चांगले स्थळ कुठले मिळणार?

तरी १५४३ च्या सुमारास तिचे लग्न झाले. वर शेजारच्याच गावचा, रॉबर्ट बार्लो नावाचा, तिच्याहूनही लहान पोरगा. आणि १५४४ च्या नाताळच्या आदल्या दिवशी तो वारला. सतराअठरा वर्षांची पोर विधवा झाली.

येथे मला त्या वेळचा तिकडचा कायदा थोडा सांगितला पाहिजे, कारण बेसचे सगळे आयुष्य या कायद्याशी झगडण्यात गेले. लग्न झाले की बाईचा पैसाअडका, दागदागिने, गुरेढोरे, अंगावरचा कपडासुद्धा नवऱ्याचा होई. जमीन तिच्या नावावर असली तरी कारभार त्याचा. बाईला स्वतःचे असे काही नसेच. मात्र ती विधवा झाली की नवऱ्याच्या जमिनीच्या उत्पन्नाचा तिसरा हिस्सा तिला हयातीपर्यंत मिळण्याचा हक्क होता. हा हक्क कागदावर होता. प्रत्यक्षात तो मागायला गेलेल्या पोरीला कोण विचारतो? बार्लोंच्या जमिनीचा ताबा ज्याच्याकडे होता, त्या गृहस्थाने तिला सरळ ‘नाही’ म्हटले. दुसरी असती तर रडून गप्प बसली असती. ही कोर्टात गेली. दोनतीन वर्षे खेटे घातले आणि आपला तिसरा हिस्सा घेऊनच ती थांबली. विसाव्या वर्षाच्या आतबाहेर मिळालेला हा धडा ती जन्मभर विसरली नाही: हक्क असून भागत नाही, तो मागावा लागतो, आणि मागायला हातात कागद लागतो.

दुसरे लग्न झाले ते १५४७ च्या ऑगस्टमध्ये, सर विल्यम कॅव्हेंडिश याच्याशी. हा राजाच्या खजिन्यावरचा मोठा अधिकारी. वयाने चाळिशीचा, दोनदा विधुर झालेला. ब्रॅडगेट येथे ग्रे नावाच्या बड्या सरदाराच्या वाड्यात हे लग्न लागले, आणि मौज अशी की ते पहाटे दोन वाजता लागले! नवऱ्यानेच आपल्या वहीत तशी नोंद करून ठेवली आहे. त्याला हिशेबाची आणि नोंदी ठेवण्याची भारी हौस. बायकोलाही त्याने हेच शिकवले. या दोघांच्या घरखर्चाच्या वह्या आजही जपून ठेवलेल्या आहेत. बेस स्वतः हिशेब तपासी आणि पानाखाली आपली सही करी. नोकराने मांडलेला हिशेब डोळे झाकून तिने कधी मान्य केला नाही.

तिने नवऱ्याला गळ घालून दक्षिणेकडच्या त्याच्या जमिनी विकायला लावल्या आणि आपल्या माहेरच्या परगण्यात नव्या घ्यायला लावल्या. त्यातच १५४९ साली ६०० पौंडांना चॅट्सवर्थ हे गाव विकत घेतले. आणि खरे शहाणपण यात की, ही जमीन दोघांच्या नावे करून घेतली. उद्या नवऱ्याचे बरेवाईट झाले, तर आपल्या आईसारखी आपली गत होऊ नये, हा त्यामागचा विचार. १५५२ मध्ये तेथे मोठे घर बांधायला सुरुवात झाली.

त्याच वर्षीचे तिने आपल्या कारभाऱ्याला लिहिलेले एक पत्र शिल्लक आहे. भाचीने ते वाचून दाखवले तेव्हा मला हसू आवरेना. आपणच लिहिले आहे असे वाटावे! माझ्या निजायच्या खोलीतली जमीन नीट सपाट करून घ्या, फुटलेल्या काचा बसवून घ्या, आम्ही येऊ तेव्हा पिण्याची तरतूद करून ठेवा. आणि माझ्या बहिणीला घरात लागेल ती वस्तू मिळत नाही असे मला कळले आहे, तर हे बरे नव्हे, अशी चांगली कानउघाडणी केली आहे. तिची दोनशेच्या वर पत्रे आजही पाहायला मिळतात; काही तिने लिहिलेली, बरीच तिला आलेली. तिचे शालेय शिक्षण फारसे नव्हते. जसे बोलायचे तसेच ती लिही. शुद्धलेखनाचे नियम तेव्हा तिकडे ठरलेलेही नव्हते. पण म्हणून तिचे काही अडले नाही. भगिनींनो, माझ्यासारख्या सातवीवालीला हे वाचून फार धीर आला.

या संसारात तिला आठ मुले झाली, त्यांतली सहा जगली. दहा वर्षे सुखाची गेली आणि मग आभाळ कोसळले. १५५७ साली सरकारी तपासणीत असे निघाले की कॅव्हेंडिशच्या हिशेबात पाच हजार पौंडांच्यावर तूट आहे. मजुराला तेव्हा दिवसाला काही पेन्स मिळत आणि २४० पेन्सचा एक पौंड होई, यावरून हा आकडा केवढा ते समजेल. हिशेबाची एवढी हौस असणाऱ्याच्या हिशेबात तूट निघावी! काही त्याच्या हाताखालच्या माणसाने खाल्ले असे तो म्हणाला, पण तोही हात धुतलेला नव्हता हे खरे. त्याच ऑक्टोबरमध्ये तो वारला. बेसच्या मागे राहिले ते पाच हजारांचे देणे आणि सहा लेकरे. धाकटे तर पाळण्यातलेच. जमिनी जप्त करण्याचा कायदा पार्लमेंटात येऊ घातला होता. तो पास झाला तर मी आणि माझी मुले धुळीला मिळू, असे तिने ओळखीच्या थोरामोठ्यांना लिहिले, प्रत्येकाचे दार ठोठावले, आणि जमीन वाचवली. चॅट्सवर्थ विकून टाका, असे सांगणारे पुष्कळ असतील. तिने ते विकले नाही.

तिसरे लग्न १५५९ साली सर विल्यम सेंट लो याच्याशी झाले. राणी एलिझाबेथ नुकतीच गादीवर आली होती आणि हा तिच्या रक्षकांचा प्रमुख होता. मोठा भला माणूस. बायकोच्या बांधकामाच्या वेडाची तो पत्रांतून गोड थट्टा करी, तिला ‘चॅट्सवर्थ’ याच नावाने हाक मारी. त्याच्यामुळे राणीने ते पाच हजारांचे देणे एक हजारावर आणले, आणि तेही यानेच भरले. १५६५ मध्ये तो वारला तेव्हा सगळी मालमत्ता तो बेसच्या नावे करून गेला. त्याच्या भावाला ते सहन झाले नाही. पण कागद पक्का होता.

या काळातला एक प्रसंग सांगते, म्हणजे दरबारातल्या बायकांचे जिणे कसे होते ते कळेल. ज्या ग्रे सरदाराच्या वाड्यात बेसचे लग्न लागले, त्याची थोरली मुलगी जेन. तिला नऊ दिवस राणी केले आणि पुढे १५५४ साली तिचे डोके उडवले. जेमतेम सोळासतरा वर्षांची पोर! तिची धाकटी बहीण कॅथरीन. हिने राणीला न विचारता चोरून लग्न केले. राजघराण्याच्या रक्ताच्या मुलीने असे करणे हा तेथे मोठा गुन्हा. दिवस राहिले, लपवता येईना, तेव्हा १५६१ साली तिने रात्री बेसकडे येऊन सगळे सांगितले. बेसने तिला रागे भरले. पण दुसऱ्या दिवसापर्यंत सगळीकडे बोभाटा झाला आणि बेसलाही चौकशीसाठी लंडनच्या टॉवर तुरुंगात नेण्यात आले. काय, तर तिला हे ठाऊक होते! दुसरीचे दुःख ऐकून घेणे हासुद्धा अपराध ठरला.

१५६७ च्या सुमारास चौथे लग्न झाले, ते श्रूझबरीचा अर्ल जॉर्ज टालबट याच्याशी. हा इंग्लंडातल्या सर्वांत धनाढ्य सरदारांपैकी एक. सत्तावीस पौंडांच्या आतली पोर आता काउंटेस झाली. पण घर एक राहावे, मालमत्ता बाहेर जाऊ नये, म्हणून तिने आणि अर्लने काय केले पाहा. १५६८ मध्ये तिच्या मुलीचे त्याच्या मुलाशी आणि तिच्या मुलाचे त्याच्या मुलीशी लग्न लावून दिले. एक वधू बारा वर्षांची, दुसरी आठ वर्षांची! बालविवाह फक्त आपल्याकडेच होते असे ज्यांना वाटते, त्यांनी हे लक्षात ठेवावे. यातल्या एका जोडप्याचा संसार बरा झाला, दुसऱ्याचा नाही. हा बेसचा दोषच होता, आणि मी तो झाकणार नाही.

१५६९ साली एलिझाबेथ राणीने अर्लवर एक विलक्षण कामगिरी सोपवली. स्कॉटलंडची राणी मेरी पळून इंग्लंडात आली होती, तिला कैदेत ठेवायची. कैदी खरी, पण राणी. तेव्हा तिचा थाट राणीचाच. तिची माणसे, घोडे, जेवणावळी, पहारे. सरकार यासाठी आठवड्याला ५२ पौंड देणार होते. पुढे ते ३० वर आले, आणि तेही वेळेवर मिळत नसत. बाकीचा खर्च अर्लच्या खिशातून. दोन दिवसांचा पाहुणा चार दिवस राहिला तर आपल्या कपाळाला आठ्या पडतात. ही पाहुणी जवळजवळ पंधरा वर्षे राहिली!

सुरुवातीची वर्षे मात्र बेस आणि मेरी एकत्र बसून भरतकाम करीत. कोणते रंग घ्यावेत, कोणता नमुना काढावा, यावर दोघींचे बोलणे चाले. पशुपक्षी, झाडेफुले, गूढ अर्थाची चित्रे त्यांनी भरली. मेरीने भरलेल्या एका चित्रात तांबूस मांजर आणि उंदीर आहे. एलिझाबेथ राणीचे केस तांबूस होते, एवढे सांगितले म्हणजे मांजर कोण आणि उंदीर कोण हे तुम्हीच ओळखा. या दोघींचे काम लंडनच्या संग्रहालयात आणि ऑक्सबर्ग येथील वाड्यात आजही आहे. तोंडाने बोलायची सोय नव्हती, ते सुईने बोलून घेतले.

बेसचे स्वतःचे भरतकाम त्याहून मोठे. आठव्या हेन्रीच्या वेळी तेथले मठ मोडले, तेव्हा धर्मगुरूंचे जरीचे, मखमलीचे झगे विकायला निघाले होते. ते कापून, त्यांचे तुकडे एकमेकांना जोडून तिने भिंतीवर टांगायचे मोठमोठे पडदे करवले. आपण जुन्या लुगड्यांची गोधडी करतो तसेच, पण राजेशाही. त्यांवर पाच थोर स्त्रिया काढल्या आहेत. त्यांतली एक पेनलोपी. ग्रीक कथेतली ही बाई. नवरा वीस वर्षे परदेशी, दारात मागणी घालणाऱ्यांची गर्दी. ती म्हणे, हे वस्त्र विणून झाले की सांगते. आणि दिवसा विणलेले रात्री उसवून टाकी. बेसने तिच्या एका बाजूला चिकाटी आणि दुसऱ्या बाजूला सहनशीलता उभी केली आहे. पाचांतले चार पडदे अजून शाबूत आहेत. म्हणजे पाहा, ‘थोर स्त्रिया’ ही मालिका आपल्या मंडळाच्या आधी साडेचारशे वर्षे एका गृहिणीने सुरू केली होती!

सहनशीलता तिला पुढे लागलीच. खर्चाने, काळजीने आणि संधिवाताने अर्ल चिडखोर झाला. नवराबायकोचे बिनसले. त्याचे आणि मेरीचे संबंध आहेत अशी कुजबूज उठली, ती बेसनेच उठवली असा आरोप झाला, आणि तिला व मुलांना दरबारी मंडळासमोर शपथेवर नाकारावे लागले. १५७२ साली अर्लने तिच्या जमिनी तिला आणि तिच्या दोन मुलांना लिहून दिल्या होत्या. आता तो म्हणू लागला की कागद खोटा आहे. १५८४ मध्ये तो माणसे घेऊन चॅट्सवर्थवर चालून गेला, तेव्हा मुलगा विल्यम हत्यार घेऊन दारात उभा राहिला आणि त्याने सावत्र बापाला आत येऊ दिले नाही. त्यापायी त्याला काही काळ तुरुंगही भोगावा लागला. भांडण घरातल्या भांड्याकुंड्यांपर्यंत गेले. ते भरतकामाचे पडदेसुद्धा माझ्या घरी, माझ्या पैशाने झाले म्हणून माझे, असे अर्ल म्हणाला. त्यावर बेसने उत्तर दिले की ते बहुतेक चॅट्सवर्थला माझ्याच नोकरमाणसांच्या आणि बायकांच्या हातून झाले आहेत आणि कापड माझ्या आधीच्या नवऱ्याने घेतलेले आहे. कोणता तुकडा कुठून आला, कोणी शिवला, हे तिला तोंडपाठ होते.

शेवटी राणीने चौकशीसाठी पंच नेमले. तो १५७२ चा कागद त्यांच्यापुढे ठेवला गेला आणि निकाल बेसच्या बाजूने झाला. एवढ्या मोठ्या सरदाराविरुद्ध एक बायको जिंकली, ती रडून नव्हे, कागदावर. अर्लने मात्र पुन्हा तिच्याशी मनापासून संसार केला नाही. तेथल्या एका बिशपने त्याला समजुतीचे पत्र लिहिले. त्याचा भावार्थ असा की, तुमची बायको कजाग आहे असे लोक म्हणतात. पण तेवढ्यावरून बायको टाकायची ठरवली तर फारच थोड्या पुरुषांच्या घरी बायका उरतील! बिशपमहाराजांना आपल्या बाजूने बोलायचे होते की आपल्यावर बोलायचे होते, हे ज्याचे त्याने ठरवावे. १५९० च्या नोव्हेंबरात अर्ल वारला.

आता बेस त्रेसष्टीची होती. चौथ्यांदा विधवा. पण आता ती राणीखालोखाल देशातली सर्वांत श्रीमंत बाई असे लोक म्हणू लागले. या वयात आपल्याकडे बाई हातात जपमाळ घेते. हिने गवंडी बोलावले. भाऊ कर्जात बुडून वारला होता आणि माहेरचे हार्डविक १५८३ मध्येच तिने सोडवून घेतले होते. तेथे जुने घर वाढवण्याचे काम चालू असतानाच तिने शेजारी नव्या वाड्याचा पाया घातला. दगड स्वतःच्या खाणीचा, शिसे स्वतःचे, लाकूड स्वतःच्या रानातले, काचही स्वतःच्या भट्टीतली. काच तेव्हा फार महाग. पण या वाड्याला इतक्या मोठमोठ्या खिडक्या ठेवल्या की भिंतीपेक्षा काचच जास्त, अशी तेथे म्हणच पडली. सहा मनोरे, आणि प्रत्येकाच्या माथ्यावर दगडात कोरलेली तिच्या नावाची आद्याक्षरे, वर मुकुट. आकाशावर सही केल्यासारखी ती लांबून दिसतात.

एवढी श्रीमंती आली तरी काटकसर सुटली नाही. १५९२ मध्ये तिने एका कर्जबाजारी झालेल्या घराण्याचे तेरा भव्य विणलेले चित्रांचे पडदे ३२६ पौंडांच्या सुमारास विकत घेतले. त्यांवर आधीच्या मालकाची कुळचिन्हे होती. ती झाकून आपली रंगवून घ्यावी लागणार, म्हणून तिने किमतीत पाच पौंड कमी करून घेतले! बाजारात भाजीवर कोथिंबीर मागताना आता मला मुळीच लाज वाटत नाही. हे पडदे अजून हार्डविकला आहेत. ते एकेक करून स्वच्छ आणि दुरुस्त करण्याचे काम चोवीस वर्षे चालले आणि २०२३ साली पुरे झाले.

१५९७ च्या ऑक्टोबरात, सत्तरीच्या घरात, ती या नव्या वाड्यात राहायला गेली. डर्बी गावी तिने बारा गरिबांसाठी आश्रयगृह बांधले. १६०१ साली घरातल्या प्रत्येक वस्तूची यादी करवली. कोणत्या खोलीत किती गाद्या, किती उशा, किती पडदे, सारे त्यात आहे. आणि १३ फेब्रुवारी १६०८ रोजी, ऐंशीच्या पुढे जाऊन, ती वारली. लोक अशी कथा सांगतात की, बांधकाम चालू आहे तोवर तुला मरण नाही असे तिला एका ज्योतिष्याने सांगितले होते. आणि त्या हिवाळ्यात अशी कडक थंडी पडली की चुना गोठला आणि गवंड्यांचे हात थांबले. कथा खरी नसेलही, पण तिला शोभते.

भगिनींनो, मी तिची आरती ओवाळायला उभी नाही. तिने सावकारी केली आणि अडलेल्यांच्या जमिनी घशात घातल्या. तिची नात आर्बेला ही राजघराण्याच्या रक्ताची. आई लवकर गेल्यावर बेसनेच तिला वाढवले. पण आपली नात कधीतरी राणी होईल या आशेपायी त्या मुलीला तिने पिंजऱ्यात ठेवल्यासारखे ठेवले. सत्ताविसाव्या वर्षी ती पोर लग्नासाठी स्वतःच धडपडू लागली, तेव्हा आजीने संतापून तिला मृत्युपत्रातून काढून टाकले. आजीच्या मागे तिने चोरून लग्न केले, पुरुषी वेषात पळून जाताना पकडली गेली आणि १६१५ साली टॉवरमध्येच मेली. जी बाई स्वतःच्या हक्कासाठी चार चार वेळा उभी राहिली, तिला नातीचे मन दिसले नाही. हे वाचून झाले त्या रात्री मला झोप लागली नाही. आपणही सून म्हणून जे सोसतो, ते सासू झालो की विसरतोच ना?

आता तो खानदेशाचा संबंध. बेसच्या मुलाचा वंश पुढे डेव्हनशायरचे ड्यूक झाला आणि चॅट्सवर्थ आजही त्यांच्याकडे आहे. ज्याने हायड्रोजन वायू ओळखला तो शास्त्रज्ञ हेन्री कॅव्हेंडिश याच घराण्यातला. दुसऱ्या एका मुलाच्या वंशातून आताच्या इंग्लंडच्या राजघराण्यातही तिचे रक्त आहे. आणि १८३० नंतरच्या दशकात चॅट्सवर्थच्या काचेच्या घरात एक बुटकी केळ वाढवली गेली. तिला मालकाच्या आडनावावरून ‘कॅव्हेंडिश’ नाव पडले. आपली बसराई केळ त्याच जातीची! तेव्हा यापुढे अंगणात घड टांगाल तेव्हा या बाईची आठवण ठेवा.

आणखी एकच गोष्ट सांगते आणि बसते. ही सांगावी की नाही, याचा मी बरेच दिवस विचार केला. माझे वडील वारल्यानंतर काही वर्षांनी भावांनी मला कचेरीत नेले. तेथे एका कागदावर मी सही केली. हक्कसोडपत्र होते ते. भाऊ चांगले आहेत, दिवाळीला बोलावतात, साडीचोळी करतात. माझी काही तक्रार नाही. विचारले असते तरी मी बहुधा सोडलेच असते. पण मला कोणी विचारले नाही, आणि मीही कागद वाचला नाही. बोट ठेवले तेथे सही केली आणि सगळ्यांसाठी चहा मागवला. मला अक्षरओळख नसती तर गोष्ट वेगळी. मी सातवी पास आहे, वाचता येत असून वाचले नाही. देणे वेगळे आणि न वाचता देणे वेगळे, हे मला चारशे वर्षांपूर्वीच्या एका परक्या बाईने शिकवले.

त्यांच्या देशात लग्न झालेल्या बाईला स्वतःची मालमत्ता ठेवण्याचा पुरता हक्क मिळायला १८८२ साल उजाडावे लागले. आपल्याकडे १९५६ च्या कायद्याने मुलीला वडिलांच्या मालमत्तेत वाटा दिला आणि २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीतही मुलाच्या बरोबरीने हक्क दिला. म्हणजे बेसजवळ जे नव्हते ते आपल्याजवळ आहे. आपल्याजवळ जे नाही, ते तिच्याजवळ होते: पानापानाखाली वाचून केलेली सही.

म्हणून माझी मंडळाला एक विनंती आहे. महिन्यातला एक मंगळवार आपण ‘कागद वाचण्याचा’ ठेवू या. ज्या भगिनीच्या घरी काही कागद आला असेल, सातबाऱ्याचा, बँकेचा, विम्याचा, हक्कसोडीचा, तिने तो आणावा आणि चौघींनी बसून वाचावा. समजले नाही तर समजणाऱ्याला विचारावे. सही करायची की नाही, हे ज्याच्या त्याच्या घरचे. पण वाचल्याशिवाय करायची नाही. आणि आपल्या बचत गटाच्या वहीत या महिन्यापासून प्रत्येक पानाखाली सह्या व्हाव्यात. पहिली सही मी करीन.